शिवाजीनगरचा रंधा

नवऱ्याची हत्यारं मी भंगारात घातली. मुलानं नाही, सुनेनं नाही, मी. हे आधीच सांगते, कारण ऐकणाऱ्या बायका लगेच सुनेकडं बघतात. ती बिचारी त्या दिवशी ऑफिसात होती.

आमचे हे पॅटर्नमेकर. बेंगळूरच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं काम केलं. पॅटर्नमेकर म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नसतं. सुतार म्हटलं की कळतं, पण सुतार म्हटलेलं ह्यांना खपत नसे. लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो तो आधी जसाच्या तसा लाकडात करायचा. तो वाळूत दाबला की ठसा उठतो, त्या ठशात लोखंडाचा रस ओततात. लाकडात राहिलेली चूक लोखंडात उतरते, आणि मग ती कुणाच्या बापालाही काढता येत नाही. म्हणून लाकडावर शेवटचा हात फिरवणारा माणूस हाच खरा, असं ह्यांचं म्हणणं.

कारखान्याची हत्यारं कारखान्यात असत. घरी ह्यांची स्वतःची पेटी होती. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा कँटोन्मेंटमधला एक म्हातारा फोरमन नोकरी सोडून मुलीकडं परदेशी निघाला. त्याच्याकडून ह्यांनी ती घेतली. एक लोखंडी रंधा, सहा पटाश्या, त्यातल्या दोन गोल तोंडाच्या, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि एक लहान करवत. सगळी तेव्हाही जुनीच. त्या वर्षी आम्ही खाट घेतली नाही, जमिनीवर झोपलो. मी भांडले होते. ह्यांनी ऐकून घेतलं आणि रंध्याचं पातं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, नखावर टेकवून बघ. टेकवलं तर ते घसरलं नाही, जागेवर चिकटून राहिलं. नखाची भुकटी निघाली. मी विळी सोडून दुसरं पोलाद बघितलं नव्हतं, पण एवढं मला कळलं की हे विळीचं नाही.

मी चौथी शिकले. पण धार लावायला मी ह्यांच्याकडून शिकले आणि ह्यांच्यापेक्षा बरी लावायला लागले. संध्याकाळी हे बाहेरची छोटी कामं घरी करत, मी शेजारी दगड आणि तेल घेऊन बसे. चांगलं पोलाद दगडावर लवकर झिजत नाही. तुम्हाला थकवतं. जे झटपट धार घेतं ते झटपट सोडतं. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही, मनगटानं सांगितलंय.

कारखान्यातले बाकीचे लोक आपल्या हत्यारावर टोकन नंबर ठोकून घेत, चोरी होऊ नये म्हणून. ह्यांनी कधी ठोकला नाही. आकडा वाचून ज्याला आपला रंधा ओळखावा लागतो त्यानं तो धरू नये, असं म्हणत. गर्व होता. असायला हरकत नव्हती, काम तसं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दात घासताना हे बेसिनशी पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला हेच पुष्कळ समजा, हाताची आशा धरू नका. आम्ही मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहत होतो, तळमजल्यावर, मागं पत्र्याची शेड. मुलगा-सून जयनगरात चौथ्या मजल्यावर. तिथं लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची जाते. तेव्हा आम्ही तिथंच राहायचं ठरलं, आणि घरमालकाला महिनाअखेर घर रिकामं करून हवं होतं.

मी एकटीच गेले आवरायला. दिवसभर डबे, गाद्या, जुने पेपर. दुपारी गुजरीवाला आला. इथं भंगाराला गुजरी म्हणतात. त्यानं पेपर मोजले, फुटका कुकर घेतला, आणि शेडमधली पेटी बघून विचारलं, हे पण आहे का. मला ती हलवतासुद्धा येत नव्हती. मुलाच्या घरात ती ठेवायला जागा नव्हती. पण ही कारणं नंतरची. खरं कारण असं, की मला वाटलं हा माणूस आता उठत नाही. उठत नाही काय, जातोच. मग त्याच्या मागं मी ती पेटी कुठं कुठं वाहत बसू?

"घेऊन जा," मी म्हटलं.

"सरी अज्जी," म्हणजे बरं आजी, म्हणाला, आणि दोन्ही हातांनी उचलून गाडीवर ठेवली. मी पेटी उघडली नाही. उघडली असती तर दिली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि हे गेले नाहीत. दोन महिन्यांनी वाचा परत आली. पहिला शब्द 'चहा'. दुसरा शब्द 'साखर', कारण मी कमी घातली होती. हळूहळू वाक्यं आली. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येते, तिनं ह्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू दिला, दाबा म्हणाली. ह्यांनी तो डाव्या हातानं काढून तिला परत दिला.

"हे पोरांचं खेळणं. मला माझा रंधा द्या. रंधा धरला की हात येईल."

त्या मुलीला फार आनंद झाला. म्हणाली, अंकल, हे तर फारच छान, जन्मभर केलेलं काम हात विसरत नाही, कधी सुरू करू या? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलानं, सुनेनं, ह्यांनी. मी म्हटलं, घरमालकाच्या माळ्यावर ठेवलीत बांधून, तो गावाला गेलाय. इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते, पण ते अगदी गुळगुळीत निघालं.

ह्यांनी मनात हिशेब केला. मग म्हणाले, "नवमीच्या आत आण. पूजेला लागतीलच."

खंडेनवमीला सात आठवडे होते. त्या दिवसापासून ह्यांनी व्यायाम कधी चुकवला नाही. चेंडूही दाबू लागले. रंधा धरायचा तर खांद्यात जोर हवा म्हणून भिंतीवर बोटं चढवत नेत. सून पेन्सिलीनं खूण करी, आज इथवर, काल इथवर. खूण वर सरकत होती. मला ती बघवत नसे.

रात्री मी मुलाला आणि सुनेला खरं काय ते सांगितलं. मुलगा म्हणाला, आई, बाबांना सांगून टाक. मी म्हटलं, तू सांग. तो उठून गॅलरीत गेला. बापावर गेलाय. मला ह्यांच्या रागाची भीती नव्हती. हे रागावत नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडतात. आता पडले असते तर परत उठले नसते.

मी आधी मल्लेश्वरमला जाऊन गुजरीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, पेटी तर त्याच दिवशी शिवाजीनगरला गेली, आणि गल्ली सांगितली. दुसऱ्या दिवशी बसनं शिवाजीनगर, पुण्याचं नव्हे, इथलं बेंगळूरचं. बसस्टँडच्या मागं उतरून विचारत विचारत गेले. त्या गल्लीत मोटारींचे दरवाजे, पंख्यांची पाती, पाने, पकडी, साखळ्या, सगळ्याचे ढीग. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, मोटारीच्या सीटवर बसलेला. माझं हिंदी कानडीमिश्रित आणि त्याचं दखनी, पण आम्हाला एकमेकांचं नीट कळलं. मी पेटीचं वर्णन केलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की पेटी आली असेल तर पत्रा वेगळा झाला, लोखंड वेगळं झालं, लाकडी मुठी चुलीत गेल्या.

"लोखंड कुठं जातं?"

"भट्टीत, अम्मा. वितळवून दुसरं काहीतरी ओततात."

ह्यांनी जन्मभर ज्या रसासाठी लाकूड घडवलं त्यातच ती गेली. मी तिथंच पायरीवर बसले. त्यानं पाणी दिलं. नंतर म्हणाला, तसलंच काही आलं तर बाजूला ठेवतो, येत जा.

तोवर मी नवं बघायचं ठरवलं. जयनगरात हार्डवेअरची मोठी दुकानं आहेत. काचेमागं पटाश्या टांगलेल्या, पिवळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या मुठी, दिसायला खेळण्यासारख्या. मी एक मागितली आणि खिळ्यानं वाजवून बघितली. आवाज बद्द आला. दुकानातला माणूस म्हणाला, अज्जी, काय करताय. मी म्हटलं, लाकडाचा तुकडा दे, चालवून बघते. त्याच्याकडं लाकडाचा तुकडा नव्हता. सुतारकामाचं दुकान आणि लाकडाचा तुकडा नाही. तो म्हणाला, आता सगळे मशीनच घेतात, हे हातानं चालवायचं कोण घेतो, तुम्ही मशीन घेऊन जा. तरी मी एक पटाशी घेतली. घरी स्वयंपाकघरात दगडावर धार लावली, दोन मिनिटांत लागली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सागवानाच्या जुन्या पाटावर एकदा चालवली आणि धार कागदासारखी दुमडली.

सुनेनं मग फोन काढला. ती पुण्याची, कामसू मुलगी आहे, फक्त तिला वाटतं की सगळं फोनमध्ये असतं. "आई, रिव्ह्यूज बघून ऑर्डर करते ना. हे बघा, साडेचार स्टार." मी विचारलं, हे स्टार देणारे कोण? ती म्हणाली, ज्यांनी विकत घेतलंय ते. त्यांना पोलाद कळतं का? "आई, तसं कसं सांगता येईल." चार दिवसांनी रंधा आला, खोक्यात, खोक्यात अजून एक खोकं. सुंदर होता. खालची बाजू आरशासारखी. मी घरातली स्टीलची पट्टी लावून उजेडाकडं धरला तर मधोमध पोकळ, उजेड दिसत होता. रंध्याचा तळ सपाट नसेल तर बाकी सगळं सुंदर असून काय करायचं? ती म्हणाली, रिटर्न करते. करून टाकला. तिनं मनावर घेतलं नाही, आणि दुसरा मागवू का असंही विचारलं. मी नको म्हटलं.

मग दर आठवड्याला शिवाजीनगर. घरी सांगत असे, देवळात चालले. हे म्हणत, फार देव देव करायला लागलीस, माझी एवढी काळजी करू नको.

दुकानदार आता मला बघून आपणच ढीग उपसायला बसे. हत्यारात काय काय बघायचं ते मला ठाऊक होतं. रंधा असेल तर आधी तोंडाशी तडा आहे का बघायचा. मग पातं काढून लांबी बघायची, कारण जुन्या विलायती पात्याला कडक पोलाद पुढच्या अर्ध्याच भागाला जोडलेलं असतं, बाकी साधं लोखंड. घासून घासून पातं आखूड झालं असेल तर चांगला भाग संपलेला, राहिलंय ते नुसतं वजन. पटाशी असेल तर पाठ बघायची. पाठीवर गंजाचे खड्डे असले तर ती कधीच नीट धार धरत नाही. मी एकेक उचलून चष्मा वर करून बघायची आणि परत टाकायची.

"अम्मा, लोखंड बघताय की सून बघताय?" तो एकदा म्हणाला.

"सुनेला एवढं बघितलं नव्हतं."

तो हसला. मग त्यानं विचारलं, कुणासाठी चाललंय हे. मी त्याला सगळं सांगितलं. घराबाहेरच्या कुणाला सांगितलेलं ते पहिलंच. त्यानं तोंडातली सुपारी चघळत ऐकलं. म्हणाला, ही आपली नव्हेत, हे तुमच्या माणसाचा हात लगेच ओळखेल.

"हात मेलाय त्यांचा," मी म्हटलं.

"मग कशाला घेताय?"

मी पुढचा ढीग बघायला घेतला.

खरं सांगायचं तर मला चांगलं हत्यार मिळालं नाही. सात आठवड्यांत दोन वेळा वाटलं मिळालं. एकदा एक पटाशी निघाली, अस्सल, पण दांड्याजवळ मोडलेली. एकदा गुण्या मिळाला, तो खरोखर चांगला होता, तेवढा एक. नवमीला चार दिवस उरले तेव्हा त्यानं माझ्यासाठी ठेवलेला एक रंधा काढला. आकार तोच, वजन जवळपास तेच, मुठीचा रंग तसाच काळपट. पातं लांब होतं. नखावर टेकवलं, घसरलं. धार लावून बघितली असती तर कळलं असतं, पण मला ते कळतच होतं. पोलाद हलकं होतं. तळही स्वल्प वाकडा. तो म्हणाला, अम्मा, ह्याहून बरं आता ह्या गल्लीत येणार नाही. मी घेतला. जुळत्या पटाश्या सहा गोळा केल्या, करवत घेतली. दिसायला सगळं बरोबर होतं. आमच्याच हत्यारांचे जुळे भाऊ, फक्त एक हुशार आणि एक मठ्ठ.

ह्यांना सांगितलं, घरमालक आला, पेटी सडली होती म्हणून हत्यारं तेवढी आणली, आता पूजेलाच बघा. मुठींना मी तेल चोळलं. चार दिवस धार लावली. रंध्याच्या पात्याला धार लोण्यासारखी लागली. मी तरी घासत राहिले, जणू घासून पोलाद बदलणार होतं.

माझी एक अक्कल होती, ती सांगते. नवमीला हत्याराला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी त्यांना सुट्टी, त्यांची पूजा. तेव्हा हे नुसतं बघतील, हात जोडतील. मी हळदकुंकवाची पेस्ट जाड करून ती रंध्यावर आणि पटाश्यांच्या पात्यांवर थापली, वर झेंडूची फुलं, म्हणजे धातू फारसा दिसायलाच नको. तो दिवस निभावला की हात जोडलेली वस्तू आपलीच वाटायला लागेल, असं मला वाटलं. एवढी साधी अक्कल.

आणि निभावलं. खाली सोसायटीत आयुधपूजा चालली होती, गाड्यांना हार, गेटपाशी कोहळा फोडलेला, लिंबं चिरडलेली. वर आमच्या हॉलमध्ये पाटावर ही हत्यारं. हे खुर्चीतून बघत राहिले. उजवा हात डाव्या हातानं उचलून दोन्ही छातीशी जोडले आणि नमस्कार केला. डोळे भरले होते. मी स्वयंपाकघरात गेले.

दसऱ्याला सकाळी ह्यांनी आंघोळ लवकर उरकली. मुलानं स्टुलाला क्लॅम्प लावून सागवानाची एक फळी पक्की केली. मी रंधा पुसून हातात दिला. हळदीच्या पाण्यानं एका रात्रीत त्यावर गंजाचे लाल ठिपके आले होते, ते मी रॉकेल लावून काढले होते.

ह्यांनी रंधा मांडीवर घेतला. उजव्या हाताची बोटं मुठीवर ठेवली, डाव्यानं ती आवळली. अंगठा पात्याच्या मागच्या बाजूला नेला, तिथं थांबला, परत आणला, परत नेला. मला वाटलं, आता विचारतात. पण ह्यांनी तो फळीवर टेकवून ढकलला. रंधा थरथरला, कडकड वाजला, आणि लाकडाची पातळ कुरळी साल निघायच्या ऐवजी लाकूड ओरबाडून निघालं. ह्यांनी पातं थोडं मागं घेतलं. परत ढकलला. मुलानं फळी फिरवून दिली, लाकडाची रेघ उलटी असेल म्हणून. परत तेच. चार वेळा, पाच वेळा. खांद्यात जोर होता. ढकलण्यात काही चूक नव्हती. मी पन्नास वर्षं ते ढकलणं बघितलंय, मला कळतं.

मग ह्यांनी रंधा खाली ठेवला.

"बोटांना काही कळेना," म्हणाले. "परक्या माणसाचा हात धरल्यासारखं वाटतंय. माझाच रंधा, आणि मला ओळखू येत नाही. हात गेला गं."

मी सात आठवडे ज्याला घाबरत होते ते हे नव्हतं. मला वाटलं होतं ओळखतील आणि भिंतीकडं तोंड करतील. बोटांनी तर ओळखलं होतं. बोटं खरं सांगत होती, आणि ह्यांनी बोटांवर विश्वास न ठेवता माझ्यावर ठेवला होता.

मी समोर जाऊन बसले आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पेटी मी विकली, तुम्ही इस्पितळात होता तेव्हा. हा रंधा शिवाजीनगरचा आहे, पोलाद हलकं आहे, तळ वाकडा आहे. तुमचा हात बरोबर सांगतोय. हात चांगला आहे, रंधा वाईट आहे.

हे माझ्याकडं बघत राहिले. आणि हसले. आजारपणानंतर तोंड एका बाजूला ओढतं, तसं हसले.

"पन्नास वर्षांत कधी माझं मन राखलं नाहीस. आता राखतेस?"

"मन राखत नाही. खरं सांगतेय."

"कळतंय मला," म्हणाले, आणि माझ्या हातावर थोपटलं.

मी मुलाला म्हटलं, तू सांग. त्यानं सांगितलं, बाबा, खरं आहे, आईनं विकली, मला ठाऊक आहे. सुनेनंही तेच सांगितलं. तिनं ऑनलाइन मागवून परत केलेल्या रंध्याचा फोनमधला फोटोसुद्धा दाखवला. जेवढी माणसं खरं सांगत गेली तेवढी ह्यांची खात्री पटत गेली की आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. म्हणाले, तुम्ही चांगली माणसं आहात. ह्या घरात असं वाक्य कुणी कुणाला म्हणत नाही. खोटं पहिल्याच दिवशी खपलं होतं. खरं कसं खपवायचं ते मला येत नव्हतं.

मी शिवाजीनगरच्या दुकानदाराला घरी आणते म्हटलं. हे म्हणाले, त्या गरिबाला कशाला पढवतेस. ह्यांची खरी हत्यारं समोर आणून ठेवणं एवढा एकच पुरावा होता, आणि तो वितळून गेला होता.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी सुतारकाम सुरू झालं. मशीनची घरघर दिवसभर वर येई. ह्यांनी ऐकलं आणि मला म्हणाले, त्या आचाऱ्याला बोलाव. इकडं सुताराला आचारी म्हणतात. म्हणाले, हत्यारं त्याला देऊन टाकू. घरात पडून गंजतील, आणि मग तू कधीतरी भंगारात घालशील.

आचारी आला. पन्नाशीचा, कानामागं पेन्सिल, हातावर जुने व्रण. ह्यांनी त्याला कानडीत सगळं सांगितलं: कँटोन्मेंटचा फोरमन, विलायती पोलाद, पन्नास वर्षं. तो माणूस उभा राहून ऐकत होता. मग त्यानं पातं काढलं, खिडकीशी नेलं, अंगठ्याचं नख त्यावर टेकवलं. मी त्याच्या पाठीकडं बघत होते. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी कानडीतच म्हटलं, ही ती नव्हेत, ही मी शिवाजीनगरहून आणली.

हे त्याला म्हणाले, "ती असंच म्हणते. माझा हात गेला, ते मला वाईट वाटू नये म्हणून."

आचाऱ्यानं आधी ह्यांच्या हाताकडं बघितलं, मग पात्याकडं. "तुंबा चेन्नागिदे, सर," म्हणाला. फार छान आहे. पातं परत बसवलं आणि सगळं गोणपाटात बांधलं.

मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. म्हटलं, वापरू नकोस, लाकूड फाडेल.

"गोत्तु, अम्मा," तो म्हणाला. ठाऊक आहे. खाली मान घालून आत शिरला, आणि दार लागलं.

मी परत आले तेव्हा ह्यांनी चेंडू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. व्यायामवाल्या मुलीची यायची वेळ झाली होती. म्हणाले, तिला फोन कर. आज नको, उद्याही नको, तिचा वेळ तरी कशाला घालवायचा.

मी म्हटलं, अहो, हात चांगला आहे.

"बरं," म्हणाले. "कर फोन."

मी केला.